दुसरी मोजणी

मोजायचं काम दोनदा करायचं, हा थोरलीचा नियम होता. एकदा मोजायचं, आकडे पाकिटात घालून चिकटवून टाकायचे, दोन आठवडे त्यांच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही आणि मग तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा मोजायचं. दोन्ही वेळचे आकडे जुळले तर डोळ्यांवर विश्वास ठेवता येतो. शंभरामागे दोन-तीनचा फरक ती चालवून घ्यायची. त्याहून जास्त आला की स्वतःवरच रागवायची. प्रयोगशाळेत सगळे तिला मोजणीबाई म्हणत. म्हणणाऱ्यांना ती थट्टा वाटे, तिला पदवी.

डबा छत्तीस काचांचा होता. एकेका काचेवर एकेका उंदराच्या मेंदूचा काप, केसाहून पातळ, रसायनात घट्ट केलेला, तपकिरी रंगवलेला, वरून दुसरी काच चिकटवून कायमचा बंद केलेला. मेंदूत राखणदार पेशी असतात. सगळं आलबेल असताना त्या बारीक फांद्या चहूकडे पसरून असतात. काही बिघडलं की फांद्या आत ओढून घेतात, फुगतात, गोल होतात. शंभर पेशींत गोल किती, एवढंच थोरलीनं सांगायचं.

प्रयोगशाळेच्या सरांना शोधायचं होतं ते असं: प्राणवायू तुटल्यावर मेंदूत जी सूज येते, ती गुंगीच्या औषधानं उतरते की चढते? कुणाच्या प्रयोगात उतरली होती, कुणाच्या नव्हती. म्हणून काही उंदरांना कमी प्राणवायूत ठेवलं, काहींना नाही. मग कुणाला एक औषध, कुणाला दुसरं, कुणाला नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ती यादी सरांच्या कपाटात. मोजणाऱ्याला ती कळता कामा नये, कारण माणसाला जे पाहायचं असतं तेच दिसतं. थोरलीला हे इतकं पटलेलं होतं की घरी आई “भाजीत मीठ बरोबर आहे ना गं?” असं विचारायची तेव्हाही ती म्हणायची, “आधी मला असं विचारू नकोस. आता मला बरोबरच लागणार.”

पहिली मोजणी झाली, पाकीट बंद झालं. दुसरी मोजणी सुरू झाली, सोळा काचा झाल्या, आणि त्याच दुपारी तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला.

धाकटी सफरचंदांच्या शीतगृहात मालाची प्रत तपासायची. तिथल्या खोल्यांमध्ये प्राणवायू मुद्दाम अगदी कमी ठेवतात. फळं जणू झोपून राहतात, महिनोन्महिने पिकत नाहीत. माणसानं आत जायचं तर आधी खोलीत हवा खेळवायची, पट्ट्याला प्राणवायू मोजणारं यंत्र लावायचं, त्यानं शिट्टी मारली की बाहेर पळायचं. त्या दिवशी हवा खेळवलेली नव्हती आणि धाकटीचं यंत्र तिच्या टेबलावर चार्जिंगला होतं. दोन श्वासांत ती पडली. कुणाच्या लक्षात आलं तेव्हा काही मिनिटं झाली होती. हृदय बंद पडलं होतं. ते पुन्हा चालू केलं.

“आता ती झोपलीय,” आयसीयूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, आवाजात कसलाही चढउतार नसलेल्या. “आम्हीच झोपवलीय. मेंदूला मार बसलाय. किती, ते उठवल्यावर कळेल. लवकर उठवलं तर धोका, फार झोपवलं तरी धोका.”

धाकटीच्या तोंडात नळी होती. सलाईनशेजारच्या पंपातून दुधासारखं पांढरं औषध थेंबाथेंबानं तिच्या दंडात जात होतं. चेहरा अगदी शांत होता. थोरलीला तो शांतपणाच बघवेना. धाकटी झोपेतही कधी शांत नसायची. लहानपणी एका अंथरुणात झोपताना थोरलीनं तिच्या लाथा खाल्ल्या होत्या.

धाकटीचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. घरात सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी थोरलीला बाजूला घेतलं. “ताई, तुमचं तर कामच हे आहे. तुम्हीच सांगा, उठेल ना? आपली होती तशी उठेल ना?”

“माझं काम उंदरांचं आहे, मास्तर.”

“मग उंदीर काय म्हणतात?”

थोरलीला हसू आलं आणि रडूही. 

तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली. घरी बसून आईचा चेहरा पाहण्यापेक्षा ते बरं. तिनं सतरा नंबरची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, चौकटी जुळवल्या आणि मोजायला लागली. शंभरात एकसष्ट गोल.

हात थांबला. बाकी कोणत्याही काचेचा आकडा तिला आठवत नव्हता, आठवू द्यायचा नसे. पण सतरा नंबर तिला चेहऱ्यानं ठाऊक होती. कापाच्या कडेला स्वल्पविरामासारखी छोटी चीर होती, आणि पेशी इतक्या सुंदर पसरलेल्या की पहिल्या मोजणीच्या वेळी तिनं काप काढणाऱ्या काकांना हाक मारून दाखवली होती. काका म्हणाले होते, “याला आयुष्यात काही चिंता नव्हती.”

चीर जागेवर होती. रक्तवाहिनीचं दुबेळकं जागेवर होतं. पेशी फुगल्या होत्या.

नोकरीत पहिल्यांदा तिनं मोजणी अर्धी असताना पाकीट फोडलं. सतरा नंबरपुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: चौदा.

झोप झाली नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. चहा घेतला, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. एकसष्ट. पहिल्या मोजणीच्या वेळी काढलेले फोटो संगणकावर उघडले. तीच चीर, तीच वाहिनी, त्याच जागी फांद्या पसरून निवांत असलेल्या पेशी. ते तीन आठवड्यांपूर्वीचं. मेलेल्या, घट्ट केलेल्या, काचेत बंद केलेल्या पेशी जागच्या हलत नसतात. तिनं सूक्ष्मदर्शक बंद केला, झाकण घातलं आणि धाकटीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बावन्न. तिसऱ्या दिवशी चव्वेचाळीस.

तेव्हा तिनं काकांना बोलावलं. तीन काचांच्या नंबरांवर चिकटपट्टी लावली आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. “काका, जरा मोजून द्या. काही विचारू नका.”

काकांनी तासभर मान वाकवून मोजलं. दोन काचांचे आकडे तिच्याशी जुळले. तिसरीचा पंचेचाळीस. मग त्यांनी मान वर केली. “बाई, ही चीरवाली ना? तुम्ही मला दाखवलेली?”

“हो.”

“ही अशी नव्हती.”

“नव्हती.”

काकांनी काच उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. त्यांची नोंदवही आणून पाहिली. त्या उंदराचा एवढा एकच काप होता. “मीच कापला, मीच चिकटवला,” ते हळू आवाजात म्हणाले. “याचा जीव जाऊन दोन महिने झाले, बाई. याला आता कसली चिंता?”

थोरलीनं त्यांना एकसष्ट आणि बावन्न सांगितलं. हे धाकटीच्या अपघातानंतर सुरू झालं, ते सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही. जाताना त्यांनी काच डब्यात ठेवली तेव्हा जरा हळुवारच ठेवली.

ती विज्ञान शिकलेली बाई होती. दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या म्हणून एकमेकींना बांधायच्या नसतात. तपासायचं असतं. तिनं मास्तरांना सांगितलं, “रोज सकाळी नऊ वाजता त्या पांढऱ्या औषधाचा पंपावरचा आकडा एका कागदावर लिहा. धाकटीचं काय चाललंय तेही लिहा. कागद खिशात ठेवा. मला दाखवू नका, फोनवर सांगू नका. संध्याकाळी पाचला मी येते, तेव्हा बघू.”

“कशासाठी, ताई?”

“आत्ता विचारू नका.”

“तुमच्या घरात सरळ उत्तर कुणी देतच नाही,” मास्तर म्हणाले. पण लिहायला लागले.

आणि ती रोज नऊला मोजायला लागली, काही न कळता, काही न ऐकता. फोन बंद करून कपाटात. पहिल्या दिवशी एकोणचाळीस.

दुसऱ्या दिवशी सत्तर.

आदल्या दिवशी फांद्या फुटू लागलेल्या पेशी सगळ्या पुन्हा मुठी आवळून बसल्यासारख्या झाल्या होत्या. तिनं तीनदा मोजलं. साडेनऊ झाले होते. कपाटातला फोन काढावा, विचारावं, ओरडावं, असं आतून उसळून आलं. पण आज फोन केला तर ती मोजणी मोजणी राहणार नाही. ठरलेली वेळ पाचची. तिनं आकडा लिहिला, तारीख घातली, सही केली. अठरा नंबरची काच मोजली. एकोणीस नंबरची मोजली. दुपारी डबा खाल्ला.

पाचला ती पोचली तेव्हा मास्तर जिन्यात बसले होते. त्यांनी खिशातला कागद पुढे केला. सकाळी आठ: औषध बंद, उठवून बघणार. नऊ: पापण्या हलल्या, हात आखडतोय. त्याखाली घाईच्या अक्षरात: साडेअकरा, फीट. दोन फीट. औषध परत चालू.

“फोन लावत होतो, ताई,” मास्तर म्हणाले. “लागतच नव्हता.”

तिच्या पर्समध्ये साडेनऊला सही केलेला कागद होता. दोन तास. दोन तास तिला माहीत होतं आणि तिनं दुसऱ्या उंदरांचे मेंदू मोजले होते. तिनं कागद बाहेर काढलाच नाही. मास्तरांशेजारी पायरीवर बसली. 

त्यानंतर तिनं तपासणं सोडून दिलं. आता ती फक्त बघत होती.

सहासष्ट. सत्तावन्न. अठ्ठेचाळीस. चाळीस.

चाळीसच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. “उद्या पुन्हा बंद करून बघू. आता जास्त लांबवायचं नाही. फुफ्फुसं कुरकुर करायला लागलीत.”

“उद्या नको,” थोरली म्हणाली.

“का?”

थोरलीनं आयुष्यात कधी पुराव्याशिवाय वाक्य उच्चारलं नव्हतं. “सूज अजून उतरलेली नाही.”

“तुम्हाला कसं कळलं? स्कॅनमध्ये तर दिसत नाहीये.” डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. थोरलीचं काम त्यांना मास्तरांकडून कळलं होतं. “तुमच्या उंदरांनी सांगितलं?”

“असंच समजा.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.  आयसीयूतल्या नातेवाइकांचे सगळे प्रकार त्यांनी पाहिले असतील. देव पाण्यात ठेवणारे, भांडणारे, इंटरनेट वाचून येणारे. ही कुठल्या खणात बसते ते त्यांना ठरवता येत नसावं.

“तुमचं ऐकून मी रुग्णाला झोपवून ठेवत नाही, कळलं ना?” त्या शेवटी म्हणाल्या. “पण एकदम बंद करण्याऐवजी दुसरं औषध सुरू करून हे हळूहळू उतरवता येईल. ते माझ्याही मनात होतंच. तीन दिवस. चौथ्या दिवशी उठवणार, मग तुमचे उंदीर काही म्हणोत.”

दुसरं औषध पाण्यासारखं नितळ होतं. पहिल्या दिवशी एकतीस. दुसऱ्या दिवशी बावीस. तिसऱ्या दिवशी सतरा.

चौथ्या दिवशी थोरली आठलाच प्रयोगशाळेत पोचली. झाडणारी बाई अजून ओल्या फरशीवर होती. थोरलीनं काच ठेवली. मोजायच्या आधीच दिसलं. पेशी फांद्या पसरून उभ्या होत्या, पहिल्या फोटोतल्यासारख्या. तरी तिनं शंभर मोजल्या.

चौदा.

त्या दिवशी दुपारी धाकटीनं डोळे उघडले. संध्याकाळी नळी निघाली. दुसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात ती पहिलं वाक्य बोलली ते थोरलीला बघून. “ही अशी का दिसतेय? हिला कुणीतरी झोपवा.”

आई भिंतीला धरून रडली. मास्तर खिडकीशी जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. धाकटीला आकडे येत होते, नावं येत होती, भांडायलाही येत होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला वीस प्रश्न विचारले आणि एकविसावा धाकटीनं त्यांनाच विचारला, घरी कधी सोडणार. दारात थोरलीपाशी थांबून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “उंदरांना माझा नमस्कार सांगा.”

महिनाभरानं धाकटी आईकडे राहायला आली, म्हणजे थोरलीकडेच. दिवसभर टीव्ही बघायची आणि आईच्या हाताखाली लुडबुड करायची. सरांचं दुसऱ्या मोजणीसाठी आता टुमणं लागलं होतं. सतरा नंबरवर तिनं तिसरी मोजणी म्हणून चौदा लिहिलं, तेव्हा त्यांनी तो आकडा तसाच धरला. उरल्या होत्या वीस ते छत्तीस, सतरा काचा. एका सोमवारी तिनं डबा पुन्हा उघडला.

वीस, एकवीस, बावीस. आकडे येत गेले. मोजताना तिला बरं वाटत होतं. शांत, कोरडं, मधे कुणी नसलेलं काम. दोन दिवसांत अठ्ठावीसपर्यंत आली.

एकोणतीस नंबर डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती. तिनं मोजली, शंभरात तेवीस गोल, लिहिली, पुढे गेली. छत्तीस संपल्यावर जुनं पाकीट काढून आकडे शेजारी शेजारी मांडले. एक सोडून सगळे जुळले. एकोणतीसपुढे पहिल्या मोजणीत नऊ होतं.

ती एकोणतीस पुन्हा मोजायला बसली. चोवीस.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस.

तिनं घरी फोन लावला. धाकटीनंच उचलला, तोंडात काहीतरी होतं. “मी ठणठणीत आहे. आई ठणठणीत आहे. तुझं काय बिघडलंय?” मास्तरांनाही विचारलं. त्यांना सर्दीसुद्धा नव्हती.

तिनं काकांना काच दाखवली. काकांनी फोटो पाहिला, काच पाहिली, मोजलं मात्र नाही. “सरांना आकडे द्या आणि डबा कपाटात जाऊ द्या, बाई. सगळंच कशाला बघायचं?”

“कुणाचं आहे ते कळायला नको?”

“कळून?”

 पण सतरा नंबर तिनं पाहिली नसती तर धाकटीला दुसऱ्यांदाही एका झटक्यात उठवलं असतं, हेही खरं होतं. ती रोज मोजत राहिली. एकतीस. चौतीस. अडतीस. घरी आली की एकेकाच्या चेहऱ्याकडे बघायची. आई चष्मा शोधते आहे, तो डोक्यावर आहे. हे आजचं नाही, पूर्वीपासूनचं आहे. धाकटी शब्द विसरली, लगेच आठवला. सगळेच विसरतात. तिनं दोघींच्या जाण्या-येण्याच्या, जेवण्याच्या, झोपण्याच्या नोंदी एका वहीत करायला सुरुवात केली. धाकटी म्हणाली, “उंदीर झालो गं आई आपण.”

त्या शुक्रवारी थोरलीची अक्कलदाढ काढायची होती. महिनाभर ती पुढे ढकलत होती. दातांच्या डॉक्टरांनी सकाळी भीती जाण्यासाठी म्हणून एक गुंगीची गोळी दिली, वर एक इंजेक्शन. मास्तर तिला गाडीतून घरी घेऊन आले. ती दुपारभर गाढ झोपली. चारला उठली, गाल सुजलेला, तोंडात कापूस. तशीच रिक्षा करून प्रयोगशाळेत गेली. एक दिवसही मोजणी चुकवायची नव्हती.

आदल्या दिवशी एक्केचाळीस होते.

तिनं मोजलं. अठरा.

पुन्हा मोजलं. अठरा.

तिनं आकडा लिहिला, तारीख घातली. मग घरी गेली आणि चपला काढता काढता विचारलं, “आई, आज झोपेची गोळी घेतलीस का?”

“मी कशाला घेऊ?”

“धाकटे, तू?”

“मला झोपेचं नावसुद्धा काढू नकोस. आयुष्यभराची झोप झालीय माझी.” धाकटीनं टीव्हीवरून नजरही काढली नाही.

“आणि मास्तर?”

“ते तुला सोडून शाळेत गेले, अजून आले नाहीत.” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “आज या घरात झोपलं कोण, तर तूच. चांगली चार तास. हाका मारल्या तरी ओ देत नव्हतीस.”

थोरली पाटावर बसली. उठून बेसिनपाशी गेली, चूळ भरली. आरशात पाहिलं. एक गाल सुजलेला, बाकी रोजचीच.

शनिवारी सकाळी औषध उतरलेलं होतं. हात स्थिर होता. वर्तमानपत्रातलं कोडं तिनं बसमध्ये दहा मिनिटांत सोडवलं, एकही घर रिकामं न सोडता.

नऊला तिनं एकोणतीस नंबरची काच ठेवली, चौकट जुळवली आणि एकेक पेशी मोजत गेली.

त्रेपन्न.

डोकं अजिबात दुखत नव्हतं.